या चुका टाळा: ‘रोगप्रतिकारक’ ज्वारीची कणसं काळी का पडतात?

बॅगवर ‘रोगप्रतिकारक’ लिहिलं होतं, मग कणसं काळी कशी? नागपूर जिल्ह्यात खरिपाची ज्वारी पेरणाऱ्याला सप्टेंबरच्या झडीनंतर हा प्रश्न पडतोच. दुकानात बॅग उचलण्याआधी विचारायचं राहून जातं ते एवढंच: कोणत्या रोगाला? तांबेऱ्याला (पानांवर तांबूस पुटकुळ्या आणणाऱ्या रोगाला) टिकणारं वाण दाण्यावरच्या बुरशीपुढे पार हार खाऊ शकतं, आणि कणसं काळी करते ती हीच बुरशी.

‘गावरान ज्वारी कधी काळी पडत नव्हती’ असं जुनी माणसं सांगतात. ते बरंचसं खरं आहे, पण कारण वेगळं. दिवस लहान होऊ लागले की ती निसवायची (कणीस बाहेर काढायची) आणि दाणा भरायचा पाऊस गेल्यावर. बुरशीला संधीच मिळत नव्हती. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं हायब्रीड आलं, उत्पन्न वाढलं, पण लवकर येणारा दाणा पावसातच भरू लागला. म्हणून वाण घेताना बोटांवर दिवस मोजा. जूनअखेर पेरलेलं ११० दिवसांचं वाण सप्टेंबरात दाणा भरतं, आणि आपल्याकडचा पाऊस ऑक्टोबर लागल्याशिवाय सहसा जात नाही. अशा वेळी कठीण दाण्याचं, मोकळ्या कणसाचं वाण त्यातल्या त्यात तग धरतं. लाल दाणा बुरशीला जास्त टिकतो, पण भाकरीला आपल्याला पांढरीच ज्वारी लागते. मग काढणी तरी लांबवू नका. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्का झाला. उघडीप मिळताच कणसं खुडा आणि वाळवा. कडबा वाळायची वाट पाहत कणसं पावसात उभी ठेवणं, माझ्या मते, सगळ्यात महागात पडतं.

रब्बीत गणित उलटं. तिथला रोग म्हणजे खोड पोखरणारा खडखड्या; तो पावसात नव्हे, पीक तहानलं की येतो. दाणा भरताना जमिनीतली ओल संपली की बुरशी बुडातून खोड पोखरते आणि ताटं लोळतात. तिथे शेवटपर्यंत पानं हिरवी राखणारं वाण बघा. दाट पेरणी आणि युरियाचा मारा केला, तर चांगलं वाणही लोळतं.

हायब्रीडचं घरचं बी पुन्हा पेरू नका. त्यात काही झाडांना सकस परागच येत नाहीत, फुलोराही मागेपुढे होतो. पराग न मिळालेल्या फुलात चिकट्याची बुरशी शिरते आणि कणसातून मधासारखा चिकट थेंब गळतो. अशा कणसांचा दाणा खाण्यात किंवा जनावरांच्या खाद्यात जाऊ देऊ नका.

दाणे काणी (दाण्याच्या जागी काळी भुकटी भरणारा रोग) बियाण्यासोबत येते, तेव्हा वाण कोणतंही असो, किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम गंधक चोळूनच पेरा.

आणि कोवळ्या रोपाचा पोंगा (मधला सुरळीसारखा शेंडा) सुकून ओढताच हातात आला, तर तो रोग नव्हे, खोडमाशी आहे. बुरशीनाशकाचा पंप पाठीवर घेऊ नका. पुढच्या वर्षी पेरणी उशिरा करू नका, पहिल्या चांगल्या पावसावरच उरका.