उद्यम, आयएसओ आणि फाइलभर सर्टिफिकेटं: या चुका टाळा

कुठलंही सर्टिफिकेट काढण्याआधी एकच प्रश्न विचारावा: हे मागतंय कोण? बँक, टेंडर, मोठं गिऱ्हाईक की कायदा? चौघांपैकी कुणीच मागत नसेल, तर ते भिंतीवर लावायला काढताय, आणि भिंतीसाठी कॅलेंडर फुकट मिळतं. पण नवा उद्योजक आधी किंमत विचारतो, मग ‘किती दिवसांत मिळेल’ हे विचारतो. उपयोग काय, ते सर्वांत शेवटी. तोवर पैसे गेलेले असतात.

पहिली चूक: उद्यम नोंदणीला, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) सरकारी नोंदणीला, पैसे देणं. ती फुकट आहे. १ जुलै २०२० पासून आहे आणि पहिल्या दिवसापासून फुकट आहे. आधार आणि पॅन हाताशी ठेवा, जीएसटी असेल तर तो नंबरही. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’वर संपतो. गूगलवर वर झळकणाऱ्या, तिरंगी रंगातल्या खासगी साइट हजार-दोन हजार घेतात आणि तोच फॉर्म भरून देतात. ‘तुमचं उद्यम संपतंय, रिन्यू करा’ असा फोन आला तर ठेवून द्या. त्याला मुदत नसते.

फॉर्म न वाचणं. पैसे जातात त्याचं मला एवढं वाटत नाही. एजंट घाईत काय भरतो, त्याची मला जास्त धास्ती. भोसरीतला एक फॅब्रिकेशनवाला माझ्याकडे आला तेव्हा एका मोठ्या कंपनीकडे त्याची बिलं महिनोन्‌महिने थकली होती. हातात उद्यम होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत आणि करारात मुदतच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दावा भक्कम वाटत होता. मी सर्टिफिकेटची प्रिंट हातात घेतली, तर मुख्य व्यवसायापुढे ‘ट्रेडिंग’. हा माणूस पत्रा विकत घेतो, एवढंच एजंटने ऐकलं असावं. पुढे तो कापतो, वाकवतो, वेल्ड करतो, हे विचारायला त्याला वेळ कुठला!

व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम मिळतं, पण ते बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. उशिराच्या पेमेंटचं संरक्षण त्यांना नाही. थकबाकीचे असे दावे ऐकणाऱ्या सरकारी कौन्सिलपुढे कंपनीच्या वकिलाने पहिला मुद्दा हाच काढला. मग जॉबकार्ड, मशीनची बिलं, कारखान्याचं वीजबिल असा ढीग जमवत बसलो. शेवटी गडी वैतागला, मुद्दल घेतलं आणि व्याजावर पाणी सोडलं. एका चुकीच्या खुणेची ही किंमत.

म्हणून माझी सवय सांगतो: सर्टिफिकेट आलं की आधी मुख्य व्यवसाय आणि एनआयसी कोड (व्यवसायाच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक) बोट ठेवून वाचायचा. चुकला असेल तर दुरुस्तीही फुकट आहे. पण ती माल जाण्याआधी करा. नोंदणीआधी पुरवलेल्या मालावर दावा करता येतो का, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेलेत. २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज निकालात पुरवठादाराच्या पदरी निराशाच आली होती.

आणि उद्यमचा नंबर बिलावर छापा. खरेदीदाराच्या अकाउंट्सवाल्याला तो दिसला पाहिजे. २०२४-२५ च्या कर निर्धारण वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की या एका ओळीमुळे फोन उचलले जातात.

चार दिवसांत आयएसओ. जिनिव्हातली आयएसओ संस्था फक्त मानकं बनवते, सर्टिफिकेट कुणालाच देत नाही. ते देतात प्रमाणन संस्था, आणि त्या संस्था खऱ्या की कागदी हे पाहायला आपल्याकडे एनएबीसीबी ही त्यांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था आहे. खऱ्या आयएसओ ९००१ साठी, म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकासाठी, दोन टप्प्यांत ऑडिट होतं, सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, दरवर्षी पुन्हा तपासणी. व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि कारखान्यात कुणी पाऊलही ठेवत नाही, ते आयएसओ नव्हे, प्रिंटआउट. टेंडरमध्ये ‘मान्यताप्राप्त संस्थेचं’ एवढं लिहिलेलं असलं की ती पीडीएफ पहिल्याच छाननीत बाहेर. ‘सर, सगळे असंच काढतात’ हे मला सांगू नका, बाहेर पडलेलेही तेच सांगतात.

घरगुती लोणच्याच्या पाकिटावर ‘आयएसओ प्रमाणित’ छापणारे तर वेगळेच. ९००१ कामाच्या पद्धतीचं असतं, लोणच्याचं नव्हे. तेवढ्या पैशात लॅबमधून टिकण्याची मुदत तपासून घ्या, दुकानदार तेच विचारतो.

बाकीच्या, थोडक्यात. उद्यम आहे म्हणून एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना) किंवा शॉप ॲक्ट सुटत नाही. ट्रेडमार्कची ऑनलाइन फी दर वर्गाला ९,००० ऐवजी ४,५०० पडावी म्हणून उद्यम काढत असाल, तर भागीदारी किंवा कंपनीला फायदा आहे. स्वतःच्या नावाने अर्ज करणाऱ्याला ४,५०० तसेही लागू आहेत.

आणि फॉर्ममध्ये एजंटचा मोबाइल, एजंटचा ईमेल. पुढे दुरुस्ती करायची तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो फोन उचलत नाही. मी फॉर्म भरतो तेव्हा समोरच्याला स्वतःचा फोन हातात धरून बसवतो. ‘तुम्हीच टाका ना तुमचा नंबर’ म्हणणाऱ्याला उद्या यायला सांगतो.