कबड्डीची कारकीर्द सांभाळायची कशी: नोकरी, लिलाव, गुडघा आणि पडता काळ

प्रो कबड्डीचा मोसम फार तर तीन महिन्यांचा. उरलेलं वर्ष खेळाडू कसा काढतो, यावर त्याची कारकीर्द पाच वर्षं चालणार की पंधरा, हे ठरतं. लालबाग, परळ, नायगाव, प्रभादेवीच्या मंडळांतून वर येणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहीत आहोत.

भाव किती हलतो ते आधी पाहा. चढाईपटू पवन सेहरावतला २०२२ च्या लिलावात २ कोटी २६ लाखांची बोली लागली. मोसमातल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो मोसम संपला. पुढच्या वर्षी त्यालाच २ कोटी ६०.५ लाख मिळाले. २०२५ च्या लिलावात तोच खेळाडू ५९.५ लाखांना गेला. मोनू गोयत २०१८ मध्ये १ कोटी ५१ लाखांचा होता, वर्षभरात ९३ लाखांवर आला. हे अव्वल चढाईपटूंचं झालं. खालच्या गटातला खेळाडू पडला, तर त्याच्यावर बोलीच लागत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोकरी, मग लीग.

नोकरीचं दार पंचविशीत बंद होतं

रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या खुल्या भरतीला वयाची अट १८ ते २५ असते आणि तिच्यात सवलत मिळत नाही. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेंची मुख्यालयं मुंबईतच आहेत. रेल्वे भरती कक्षाच्या जाहिराती दर महिन्याला स्वतः तपासा, कुणी कळवेल म्हणून थांबू नका. कामगिरीही अलीकडचीच धरतात. एकोणिसाव्या वर्षी मिळवलेलं पदक चोविसाव्या वर्षी अर्जाला उपयोगी पडेलच असं नाही. कोणत्या तारखेपासूनची कामगिरी मोजणार, हे जाहिरातीत छापलेलं असतं. तो परिच्छेद सगळ्यात आधी वाचा.

राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तिथे प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून होते. तिला वेळ लागतो, त्यामुळे जाहिरात येण्याची वाट न पाहता पदक मिळालं की लगेच अर्ज टाका. केंद्राच्या भरतीत प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं: फॉर्म १ आंतरराष्ट्रीय, २ राष्ट्रीय, ३ आंतरविद्यापीठ आणि ४ शालेय स्पर्धांसाठी.

अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा नावावर. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नावच नाही. स्पर्धा संपून घरी निघण्यापूर्वी तिथेच प्रमाणपत्र वाचा आणि दुरुस्ती करून घ्या. वर्षभराने सही करणारा पदाधिकारी बदललेला असतो.

लीगमध्ये खेळल्याने राष्ट्रीय स्पर्धेचं पदक मिळत नाही, हे अनेक मुलांच्या उशिरा लक्षात येतं. त्यासाठी मंडळ, मग मुंबई शहर किंवा मुंबई उपनगर जिल्हा संघ, मग राज्य संघ हीच वाट आहे. फ्रँचायझीच्या सराव शिबिरासाठी जिल्ह्याची निवड चाचणी सोडू नका. तारखा आदळत असतील तर दोन्हीकडे लेखी कळवा. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरं. २०१६ मध्ये तीन संघांचं महिला कबड्डी चॅलेंज झालं, पण पुरुषांसारखी दरवर्षीची लीग त्यातून उभी राहिली नाही. त्यांच्यासाठी नोकरीचा संघ हाच मुख्य व्यावसायिक खेळ आहे.

लिलाव आणि करार

अलीकडच्या लिलावांत अ, ब, क, ड या गटांच्या पायाभूत किमती ३०, २०, १३ आणि ९ लाख होत्या, तर संपूर्ण संघावर खर्चाची मर्यादा ५ कोटी. एका संघाने दोन मोठे खेळाडू घेतले की उरलेल्यांच्या वाट्याला काय येतं, त्याचा हिशेब इथेच कळतो. फायनल बिड मॅच कार्डाने जुना संघ शेवटच्या बोलीइतकी रक्कम देऊन तुम्हाला परत घेऊ शकतो. तेव्हा संघ बदलणार हे गृहीत धरून घरभाडं किंवा प्रशिक्षक बदलू नका.

सही करण्याआधी पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तर करारातच लिहून घ्या. शिबिरात, म्हणजे पहिला सामना होण्याआधी, दुखापत झाली तर किती टक्के रक्कम मिळणार? शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार आणि मोसम संपल्यावर फिजिओथेरपीचा कोण? हप्ते कोणत्या तारखांना? स्थानिक स्पर्धा खेळायला मनाई किती महिने? करार एका मोसमाचा की जास्त? नवोदितांनी शेवटचा प्रश्न विसरू नये. पहिल्याच वर्षी चमकलात आणि करार कमी रकमेचा पण लांब मुदतीचा निघाला, तर चढत्या काळाचा फायदा तुम्हाला मिळत नाही. एजंट असेल तर त्याचं कमिशन हाती आलेल्या रकमेवर ठरवा, जाहीर झालेल्या बोलीवर नको.

नोकरीत असाल तर ना-हरकत प्रमाणपत्रासोबत रजेचा प्रकारही लेखी घ्या: विशेष, अर्जित की बिनपगारी. तोंडी ‘जा रे, खेळून ये’ यावर गेलेल्या मुलांचे पगार कापले जातात.

पैशाचं थोडक्यात. नऊ लाखांवर १० टक्के टीडीएस कापला तर हाती ८ लाख १० हजार येतात, बारा महिन्यांत वाटले तर महिना ६७,५०० रुपये. मोठ्या रकमेवर कर याहून जास्त बसतो आणि आगाऊ कराच्या तारखा (१५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च) पाळाव्या लागतात, तेव्हा सीए गाठा. कर्जाचा हप्ता नोकरीच्या पगारातून झेपेल तेवढाच घ्या. लीगच्या पैशातून आधी वर्षभराचा घरखर्च मुदत ठेवीत टाका. २०२० मध्ये लीग झालीच नाही, हे ध्यानात असू द्या.

गुडघा

कबड्डीपटूचा गुडघा जातो तो बहुधा एकाच पद्धतीने. कोपरारक्षकाने घोटा धरलेला असतो, दुसरा पाय मॅटवर घट्ट रोवलेला असतो आणि चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावताना कमरेतून वळतो. मातीत पाय थोडा सरकतो. मॅटवर बूट पकड सोडत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. मंडळाच्या मातीवर तयार झालेल्या मुलाने मॅटवर थेट सामने खेळू नयेत. आधी दोन-तीन आठवडे वळण्याचा आणि थांबण्याचा सराव करावा.

‘कट्’ असा आवाज आला, काही तासांत गुडघा सुजला आणि जिना उतरताना तो निसटल्यासारखा वाटला, तर गुडघ्याला आतून धरणारा पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, गेल्याची शंका धरा. मालीश आणि चोळणं बंद. अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत हे विभाग आहेत. शस्त्रक्रियेची घाई नको. आधी सूज उतरू द्या, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या आणि मांडीचा स्नायू जागा होऊ द्या. ताठर गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली की नंतर तो सरळ व्हायला त्रास देतो.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन आठवड्यांचं काम म्हणजे गुडघा सरळ करणं. तीन-चार महिन्यांनी हळू धावणं, सहाच्या सुमारास दिशा बदलणं, आणि अंगाला अंग भिडणारा खेळ नऊ महिन्यांच्या आत अजिबात नाही. नऊ महिने झाले एवढ्यानेही भागत नाही. दुखावलेल्या पायाची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. तरुण खेळाडूंचा गुडघा पुन्हा जातो तो सहाव्या-सातव्या महिन्यात, कारण दुखणं थांबलेलं असतं आणि निवड चाचणी जवळ आलेली असते. तेव्हा चाचणी सोडा.

डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा गोंधळ झाला तर त्या दिवशी पुन्हा मैदानात जायचं नाही. एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग टप्प्याटप्प्याने परत, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास आणि भिडण्याआधी डॉक्टरांची परवानगी.

आरोग्य विम्यात व्यावसायिक खेळाडूंबाबतचं वगळणीचं कलम शोधा. कबड्डीतली दुखापत धरणार का, हे कंपनीकडून ईमेलवर घ्या.

आणि औषधं. २०२२ पासून ग्लुकोकॉर्टिकॉइडची (सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडची) सगळी इंजेक्शनं स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत, गुडघ्याच्या सांध्यात दिलेलंही. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापुढे गेलं की तेच. जिममधल्या डब्यावर न छापलेला घटक सापडला तरी जबाबदारी खेळाडूचीच. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की माझी नाडाची (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची) चाचणी होऊ शकते, आणि चिठ्ठी जपून ठेवा.

गुण यायचे थांबले की

चढाईपटू पडतो तो बहुधा प्रतिस्पर्ध्यांनी व्हिडिओ पाहिल्यामुळे. शेवटच्या ३० चढायांची वही करा: कुठल्या बाजूने आत गेलात, निदान रेषा (प्रत्येक चढाईत ओलांडावीच लागते ती, पुरुषांत मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर) ओलांडून किती आत, कोणी धरलं, घोटा की मांडी की ढकलून बाहेर. एकच उत्तर वारंवार आलं की रोग सापडला. निदान रेषा नुसती ओलांडून परतण्याची सवय लागली असेल, तर ती भीती आहे. उपाय म्हणजे सरावात समोर सहा-सात बचावपटू ठेवून, पुढे एक मीटरवरच्या बोनस रेषेपर्यंत रोज दहा चढाया. सहाहून कमी बचावपटूंसमोर बोनस मिळत नाही, म्हणून तसा सराव वेगळा करा. पकडपटूची वही निराळी: पकड लवकर टाकली की उशिरा, आणि साखळीतला जोडीदार किती मागे होता.

बोली लागली नाही तरी सराव थांबवू नका. मोसमाच्या मध्यावर जखमींच्या जागी खेळाडू बोलावले जातात आणि फोन आला की दोन दिवसांत निघावं लागतं. वजन मर्यादेच्या (वरिष्ठ पुरुषांत ८५ किलो) दोन किलो खालीच ठेवा. पाणी तोडून उतरवलेल्या वजनावर पहिल्याच सामन्यात पोटऱ्या धरतात. अठ्ठाविशीच्या आसपास राज्य संघटनेची पंच परीक्षा द्या. प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम नोकरीतून रजा मिळतेय तोवरच करून घ्या.