डिव्हाइस ट्रीचं बाइंडिंग लिहिताय? या चुका टाळा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी पाहुणे यायचे असले की आई फोनवर पत्ता सांगते: गल्ली कोणती, मजला कितवा, फाटकाचा रंग कोणता. रिक्षानं या की गाडीनं, हे ती सांगत नाही. ते येणाऱ्यानं बघावं.

डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डावर कोणतं हार्डवेअर कुठे जोडलंय, हे ऑपरेटिंग सिस्टिमला सांगणारी फाइल; बाइंडिंग म्हणजे त्यात एखाद्या चिपचं वर्णन कसं लिहायचं, याचे नियम. बाइंडिंगही तसंच लिहायचं. चिप कोणती, कुठल्या बसवर (सामायिक तारांवर) आहे, तिचा कुठला पाय कुठे जोडलाय, एवढंच. तरी नव्या मुलांच्या मसुद्यात वर्णनाची सुरुवातच ‘लिनक्स ड्रायव्हरसाठी’ अशी असते. सेन्सर दर किती सेकंदांनी वाचायचा, हेही मग त्यात घुसतं. ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्रॅम, पुसून टाकला तर ही ओळ खरी उरेल का, असं मी विचारतो. नसेल उरत, तर काढा. हेच वर्णन यू-बूट हा बूटलोडर आणि फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिमही वाचतात.

सगळ्यात महागात पडते ती रीसेटची चूक, आणि ती मी स्वतः केली आहे. चिपच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) रीसेटच्या नावावर आडवी रेघ होती. म्हणजे पाय लो झाला की चिप रीसेट. मी ट्रीमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह हाय’ (हाय झाला की रीसेट) लिहिलं आणि रीसेट सोडायला ड्रायव्हरमधून १ दिला. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या, बोर्ड मजेत चालला. पुढच्या बोर्डात मध्ये एक ट्रान्झिस्टर आला आणि सिग्नल उलटला. टीममधल्या मुलानं तिथे ‘अ‍ॅक्टिव्ह हाय’ लिहिलं, आणि चिप उठेचना.

“दादा, मी तर स्कीमॅटिक बघूनच लिहिलंय.”

स्कीमॅटिक म्हणजे सर्किटचा नकाशा, आणि त्याचं बरोबरच होतं; चूक माझ्या ड्रायव्हरची होती. ड्रायव्हरमधला १ म्हणजे ‘रीसेट लागू’. हाय की लो, ते ट्री ठरवते. आता ड्रायव्हर सुधारावा तर आधीच बाहेर गेलेल्या बोर्डांची ट्री मोडते. अशी चिप उठत नसेल तर मल्टिमीटर प्रोसेसरच्या बाजूला लावू नका, थेट चिपच्या रीसेट पायावर लावा.

दुसरी एककांची. इंदूरच्या जेल रोडवरून आणलेलं, करंट मोजणाऱ्या आयएनए२१९ चिपचं मॉड्यूल घ्या. त्यावरच्या शंट रेझिस्टरवर (ज्याच्यावरून करंट मोजतात) ‘आर१००’ छापलेलं असतं, म्हणजे ०.१ ओहम. बाइंडिंगला आकडा मायक्रो-ओहममध्ये हवा: १,००,०००. मिलिओहम समजून १०० लिहिलंत, तर १०० मिलिअँपिअरचा करंट १०० अँपिअर दिसतो. ‘शंट-रेझिस्टर’ या जुन्या प्रॉपर्टीच्या (ट्रीत लिहायच्या गुणधर्माच्या) नावात एककच नाही, म्हणून ही गफलत होते. नवी प्रॉपर्टी लिहिताना नावाच्या शेवटी एकक लावाच: मायक्रोव्होल्ट, हर्ट्झ, जे असेल ते. जुनं बाइंडिंग कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे म्हणून ते नकलायला चांगलं, असं नसतं.

आय-टू-सी या दोन तारांच्या बसवरचा चिपचा पत्ता ७ बिटांचा लिहा. काही डेटाशीटांत वाचण्या-लिहिण्याचा बिट धरून हेक्स ९० छापतात; ‘रेग’ या पत्त्याच्या प्रॉपर्टीत निम्मा, म्हणजे हेक्स ४८ जातो. नोडच्या (ट्रीमधल्या चिपच्या नोंदीच्या) नावात ‘अ‍ॅट’च्या चिन्हापुढेही तोच. आणि नावात चिपचा नंबर नको, ‘टेम्परेचर-सेन्सर’ पुरे.

‘कंपॅटिबल’ या चिपचं नाव सांगणाऱ्या प्रॉपर्टीत ‘एक्स’ घालून अख्खी मालिका एका नावात कोंबू नका. नवी चिप जुन्यासारखीच चालत असेल तर आधी नवीचं नाव, मग जुनीचं. उद्या नव्या चिपमध्येच एखादा दोष निघाला, तर ड्रायव्हरला तिला वेगळं ओळखता येतं. ट्री बदलावी लागत नाही.

बाइंडिंगचा पॅच (कर्नलला पाठवायचा बदल) वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी. पाठवण्याआधी ‘मेक डीटी_बाइंडिंग_चेक’ चालवा, बोर्डाच्या फाइलींसाठी ‘डीटीबीएस_चेक’. चुकलेलं इंडेंटेशन, राहिलेली प्रॉपर्टी, चुकीचा प्रकार हे सगळं तिथे पकडलं जातं. माझा ‘अ‍ॅक्टिव्ह हाय’ मात्र तिथून बिनबोभाट सुटला असता, आणि शंटचे १००सुद्धा. म्हणून रिव्ह्यूला बसताना मी आधी स्कीमॅटिकची पीडीएफ मागतो. ती नसेल तर मसुदा तसाच परत.