‘रिप ऑफ’ हा इंग्रजी शब्दप्रयोग कसा वापरावा

दुकानदाराने, टॅक्सीवाल्याने अव्वाच्या सव्वा पैसे घेतले की आपण इंग्रजीत पटकन ‘ही लूटेड मी’ म्हणतो. भारतात ते चालून जातं. लंडनला किंवा न्यूयॉर्कला मात्र ‘लूट’ म्हटलं की दंगलीत फोडलेली दुकानं डोळ्यांसमोर येतात. तिथे अशा वेळी म्हणतात, ‘ही रिप्ड मी ऑफ.’

आधी अर्थ पक्का करा. ‘रिप’ म्हणजे फाडणे, म्हणून ‘रिप ऑफ द लेबल’ म्हणजे लेबल ओरबाडून काढा, इतकं सरळ. लुबाडण्याचा अर्थ अमेरिकी बोलीत १९६०च्या दशकात रुळला. आपलं ‘गिऱ्हाईक कापलं’ त्याच्या सगळ्यात जवळचं. तिसरा अर्थ ढापण्याचा: कुणाची चाल किंवा डिझाइन उचलून आपलं म्हणून खपवलं तरी ते ‘रिप ऑफ’च.

आता रचना, गडबड होते ती इथेच. माणसाचं नाव असेल तर ते मधे ठेवा किंवा शेवटी, दोन्ही बरोबर: ‘दे रिप्ड द टूरिस्ट्स ऑफ’, ‘दे रिप्ड ऑफ द टूरिस्ट्स’. पण मी, तू, तो अशी सर्वनामं आली की ती मधेच बसतात. ‘दे रिप्ड मी ऑफ’ बरोबर, ‘दे रिप्ड ऑफ मी’ चूक. यात सूट नाही. कुणी फसवलं हे सांगायचं नसेल, तर ‘आय गॉट रिप्ड ऑफ’ म्हणा. बोलण्यात हेच जास्त ऐकू येतं.

नाम करायचं तर मधे जोडरेघ द्या: ‘अ रिप-ऑफ’. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस महागाईवरून वर्तमानपत्रांनी ‘रिप-ऑफ ब्रिटन’ असा धोशाच लावला होता.

उच्चाराकडे लक्ष द्या. ‘रिप्ड’ लिहिलं तरी कानावर ‘रिप्ट’ येतं, आणि पुढच्या शब्दाला चिकटून ‘रिप्टॉफ’. क्रियापद असेल तर जोर ‘ऑफ’वर, नाम असेल तर ‘रिप’वर.

शेवटी, कुठे वापरू नये. हा थेट आरोप आहे, म्हणून विक्रेत्याच्या तोंडावर म्हटलात तर भांडणाची तयारी ठेवा. भाव कमी करून हवा असेल तर इंग्लंडमध्ये ‘दॅट्स अ बिट स्टीप’, म्हणजे ‘जरा महागच आहे’, म्हणतात. टोचतंही आणि चालतंही. लेखी तक्रारीत ‘आय वॉज ओव्हरचार्ज्ड’ लिहा, सोबत छापील किंमत किती आणि घेतले किती ते आकडे द्या. ‘रिप ऑफ’ मित्राला पाठवायच्या मेसेजपुरतं ठेवा.