गोव्यातल्या वाड्यावरची (वस्तीवरची) भूक खरंच कमी झाली का? अशी तपासा
रेशनकार्डं मोजून थांबू नका. ताटात काय पडतं ते विचारा. प्राधान्य कुटुंबाला (अन्न सुरक्षा कायद्याखालच्या रेशनकार्डाचा एक गट) माणशी महिना 5 किलो धान्य मोफत मिळतं, म्हणजे रोज साधारण 165 ग्रॅम, जेमतेम 575 कॅलरी. बाकीचं सगळं विकत. म्हणून गेल्या 7 दिवसांत डाळ, अंडी, मासळी किती वेळा शिजली आणि दुकानात उधारी किती, हे घरोघरी लिहून घ्या. एकदा मेमध्ये, एकदा जुलैत: जून-जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, खरी ओढाताण तेव्हाच दिसते. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे (म्हातारे, विधवा, दिव्यांग यांना गोवा सरकारचं महिन्याचं साहाय्य) पैसे पासबुकातच पाहा. हयातीचा दाखला राहिला की ते थांबतात, आणि एकट्या म्हाताऱ्यांचा तो राहतोच. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून रिकाम्या हातांनी परतलेले वेगळे मोजा.