घराला घर लागून असताना बेस अँटेना लावताय? या चुका टाळा

बेस अँटेना म्हणजे घरात ठेवलेल्या वायरलेस रेडिओ सेटसाठी घराबाहेर उभारलेली अँटेना. आधी नियमाचं बघून घ्या. २७ मेगाहर्ट्झच्या सिटीझन बँडला (सर्वसामान्यांना आपसात बोलायला ठेवलेला रेडिओचा पट्टा) आपल्याकडे लायसन्समधून सूट आहे, पण ती ५ वॉटपर्यंतच्या आणि अँटेना सेटलाच असलेल्या सेटसाठी, त्यामुळे घरावर पाईप उभा करून बेस स्टेशन लावायचं असेल तर सरळ हॅमची (हौशी रेडिओ लायसन्सची) परीक्षा द्या आणि शेजारच्याच १० मीटर बँडवर (२८ ते २९.७ मेगाहर्ट्झ) या. अँटेनाचं गणित दोन्हीकडे जवळपास सारखंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता गेन (अँटेना सिग्नल किती एकवटते तो आकडा) बघून अँटेना घेणं. फाईव्ह-एट्थ व्हर्टिकल (लहरीच्या लांबीच्या पाच-अष्टमांश उंचीची उभी अँटेना) साडेसहा मीटरची, ती सहा मीटरच्या जीआय पाईपवर चढवली की बारा मीटरच्या वर काठी उभी राहते, आणि आपल्या वाडीत एवढ्या अंतरात शेजाऱ्याची कौलं, महावितरणची तार आणि दोन माड असं सगळं येतं. पाईप कुठल्याही बाजूला आडवा झाला तरी तारेला आणि दुसऱ्याच्या घराला लागता कामा नये, एवढी जागा नसेल तर ती अँटेना आपल्यासाठी नाहीच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत काय केलं ते आपण पाहिलंय. आणि हाफवेव्हच्या (अर्ध्या लहरीएवढ्या अँटेनाच्या) तुलनेत फायदा किती, तर साधारण एक डीबी (डेसिबल), सेटच्या सिग्नल मीटरवरच्या एका घराला, म्हणजे एका एस युनिटला सहा डीबी लागतात म्हणजे समोरच्याला फरक कळणारसुद्धा नाही.

माझं स्पष्ट मत, घरं जवळ असतील तर तारेचा आडवा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडून दोन बाजूंना ताणलेली तार. १४२.५ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, २८.४ मेगाहर्ट्झला ५.०२ मीटर येतात, दोन्ही बाजू धरून. पन्हळीखालून गेलेली बारीक काळी तार कुणाच्या डोळ्यात येत नाही, आणि डायपोल टोकांच्या दिशेला कमी फेकतो, तेव्हा एक टोक सगळ्यात जवळच्या घराकडे करून बांधा. कमी उंचीवर हा फायदा पूर्ण मिळत नाही पण जो मिळतो तो फुकट आहे. शिवाय व्हर्टिकल आसपासचा घरगुती नॉइज जास्त ओढते, हे गणपतीत चाकरमानी आल्यावर घराघरात स्वस्तातल्या एलईडी माळा लागल्या की लगेच कळतं. तार माडाला मात्र ताठ बांधू नका, माड झुलतो आणि तार तुटते, पुली लावून दुसऱ्या टोकाला वजन सोडा. वांदरांचा येण्याजाण्याचा रस्ता पण बघून ठेवा, ती तारेला लोंबकळणारच.

आता शेजारी म्हणतात, "ओ भाऊ, तुम्ही बोलायला लागलात की आमचा टीव्ही अडकतो." इथे बरेचजण "माझा सेट ओके आहे" म्हणून वाद घालतात आणि कायमचं वाकडं होतं. असं करू नका, काकांना त्यांच्या टीव्हीसमोर बसवा, मोबाईलवर कॉल चालू ठेवा, आणि आपण पॉवर बदलत थोडं थोडं बोलायचं, कधी बोललो ते कागदावर मांडायचं. अँटेनाऐवजी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा रेझिस्टर) लावल्यावर त्रास थांबला तर तो अँटेना किंवा कोऍक्समधून (सेटपासून अँटेनापर्यंतच्या केबलमधून) जातोय. बहुतेक वेळा कोऍक्सची बाहेरची जाळीच अँटेनासारखी वागत असते आणि ती केबल आपण नेमकी गडग्यावरून, त्यांच्या डिशच्या वायरीला चिकटून नेलेली असते. केबलची वाट बदला आणि फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथे) चोक घाला, म्हणजे जाळीवरून येणारा करंट अडवणारं वेटोळं, चार इंची पीव्हीसी पाईपवर कोऍक्सचे सहा-सात वेढे एकाला एक लागून, १० मीटरला एवढं बऱ्याचदा पुरतं. नसेल पुरत तर त्यांच्या सेट-टॉप बॉक्सच्या वायरींना फेराईट (असाच करंट अडवणारे मणी), आपल्या खर्चाने. उभारायच्या आधीच जाऊन सांगितलेलं असेल की हा मोबाईलचा टॉवर नाही आणि वादळात नेटवर्क गेलं तर यावरून निरोप जाईल, तर हीच माणसं पाईप धरायला येतात.

उलटाही त्रास असतो. उन्हाळ्यात संध्याकाळी हवा दमट झाली की सतत चरचर येते, आणि आपण अँटेना बदलत बसतो. सेट बॅटरीवर घ्या, घराचा मेन स्विच बंद करा. आवाज तसाच राहिला तर तो बाहेरचा, खाऱ्या वाऱ्याने विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरवर मीठ बसतं त्याचा असू शकतो, चांगला पाऊस पडून ते धुतलं गेलं की कमी होतो.

अर्थिंगला जांभ्यात एक रॉड ठोकून मोकळे होऊ नका, कातळावर तो नीट जातही नाही आणि ओल धरत नाही. विहिरीजवळची किंवा बागेतली मातीची जागा शोधा, दोन-तीन रॉड लांब लांब टाकून जोडा, घराच्या अर्थिंगलाही जोडा. गडगडायला लागायच्या आत केबल सेटपासून काढून घराबाहेर ठेवायची, हे अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी.

पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा मीटरवरचा आकडा) अचानक सुंदर दिसतोय पण कोणी ऐकत नाही, असं झालं तर खूश होऊ नका, केबलमध्ये पाणी गेलंय. ओली केबल पॉवर खाते, परत येणारीही खाते, म्हणून मीटर चांगला दिसतो. मीटर आणि डमी लोड केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला लावा आणि खाली किती वॉट, वर किती, बघा. मोठी तफावत असेल तर टोकाकडची वीतभर केबल कापून बघा, जाळी काळी-हिरवी पडली असेल तर पूर्ण केबल बदला, नुसता कनेक्टर नाही, आणि नवीन जोडावर सेल्फ-बाँडिंग टेप गुंडाळून खाली केबलला एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल.