पिल्लू डमी घेऊन पळतं? बोळात शिकवा

शिकारी रिट्रीव्हरचा, म्हणजे टिपलेला पक्षी उचलून आणणाऱ्या लॅब्रॅडॉरसारख्या कुत्र्याचा, पहिला धडा म्हणजे उचललेली वस्तू थेट हातात देणं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे सराव डमीवरच, म्हणजे नकली शिकारीवर. अरुंद बोळात बसा, मोज्यात चिंध्या भरून केलेली डमी ८-१० फुटांवर फेका. परतताना पिल्लाला बाजूने निसटता येत नाही. आल्याबरोबर हिसकावू नका! आधी छाती खाजवा, मग ‘दे’ म्हणा. हिसकावलं की पुढच्या वेळी ते लांबूनच वळसा घालतं. तीन-चार फेऱ्या पुरे, हौस शिल्लक असतानाच थांबा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात बदलताना हिरड्या दुखतात, तेव्हा फेकणं बंद. नागपुरात मार्चपासून सराव सकाळी सातच्या आत उरका. लॅब्रॅडॉरला ऊन फार लवकर बाधतं.